परतलेला भात आणि मिठाचा खडा

किल्ल्यांचा, तहांचा आणि लढायांचा इतिहास लिहिला जातो. चुलीचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. वसईचा मुलूख 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगिजांना तोडून दिला आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा कोट घेतला, ही सनावळी आपल्यातील बहुतेकांना पाठ असते. परंतु मधल्या दोनशे वर्षांत ज्या घरांत नवा धर्म आला, त्या घरांच्या चुलींवर काय बदलले आणि काय बदलले नाही, याचा विचार आपण क्वचितच करतो. तो करायचा तर एखादा भारदस्त पदार्थ शोधण्याचे कारण नाही. सणावाराच्या ताटात मांसाच्या बाजूला निमूटपणे बसणारा, लवंग-दालचिनीत परतलेला साधा भात पुरेसा आहे. त्याच्याविषयीच आम्ही येथे चार गोष्टी सांगणार आहोत.

या भाताचे ताटातले स्थान थोडे विलक्षण आहे. कोकणपट्टीत रोजच्या जेवणात भात हेच मुख्य अन्न. कालवण, सुके, लोणचे ही सारी त्याची तोंडी लावणी. सणाच्या दिवशी मात्र हा क्रम उलटा होतो. शागुती, इंदेल किंवा भाजलेले मांस ताटाच्या मध्यभागी येते आणि भात त्याच्या जोडीला बसतो. त्याने आपला स्वाद मांसाच्या स्वादावर चढू द्यायचा नसतो, तरीही तो फिका वाटता कामा नये. म्हणून त्यात मसाला असतो तो अखंड, वाटलेला नव्हे. रंग असतो तो फिकट पिवळा. आणि दाणा असतो तो मोकळा. आपल्या घराघरांतून पिवळा पुलाव म्हणून ओळखला जाणारा भात तो हाच. गोव्यातील आपले बांधव त्याला 'आरोज रिफोगाद' म्हणतात.

या भाताविषयी दोन तऱ्हेची विधाने आमच्या कानांवर नेहमी पडतात. कोणी म्हणतो, हा फिरंग्यांचा भात. धर्माबरोबर तोही त्यांच्याकडून आला. दुसरा म्हणतो, छे, हा तर मोगलांचा पुलाव. फिरंग्यांनी त्याला नुसते आपले नाव दिले. या दोन्ही विधानांत एक गोष्ट समान आहे: भात कोणाचाही असो, तो आपला नाही! ही समजूत केवळ भातापुरती असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु आपल्या समाजाच्या पोशाखाविषयी, गाण्यांविषयी, नावांविषयी आणि शेवटी श्रद्धेविषयीही हेच बोलले जाते. म्हणून ती भातापाशीच तपासून पाहणे बरे.

दोन नावे, दोन वाटा

प्रथम नावे पाहू. 'आरोज' म्हणजे पोर्तुगीज भाषेत तांदूळ. 'रिफोगाद' म्हणजे कांद्याबरोबर तेलात किंवा तुपात परतलेला. या क्रियापदाच्या पोटात 'फोगु' म्हणजे अग्नी हा शब्द आहे आणि तो 'फोकुस' या लॅटिन शब्दापासून आला. 'फोकुस'चा मूळ अर्थ घरातली चूल. तेव्हा या भाताच्या परदेशी नावातही शेवटी चूलच निघते.

परंतु 'आरोज' हा शब्द पोर्तुगिजांचा तरी होता काय? नाही. अरबी भाषेतील 'अर-रुझ्झ' या शब्दावरून तो त्यांच्याकडे आला. इसवी सन 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुसलमानी सैन्याने स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत पाय ठेवला आणि पुढल्या काही शतकांत पाटाचे पाणी, भातशेती, ऊस अशा अनेक गोष्टी तेथे रुजल्या. 1249 पर्यंत पोर्तुगिजांनी आपला सारा मुलूख मुसलमानांकडून परत घेतला. मात्र तेलाला 'अझेइत', केशराला 'असाफ्रांव' आणि साखरेला 'असुकार' हे अरबी वळणाचे शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात कायमचे राहिले. त्यांतला साखरेचा शब्द तर अरबांनीही आपल्याच 'शर्करे'वरून घेतलेला. ज्यांच्याशी पिढ्यानुपिढ्या लढाई केली, त्यांच्याच शब्दांनी पोर्तुगीज गृहिणी आपला तांदूळ मागत होती आणि त्यात तिला काही वावगे वाटत नव्हते.

दुसरे नाव पुलाव. ते फारसी आहे. तुर्कस्तानात त्याचेच 'पिलाव' झाले. तांदूळ चरबीत किंवा तुपात घोळवून, बेताच्या रसात शिजवून, दाणा न दाणा सुटा ठेवायचा ही या पद्धतीची खूण. बगदादमध्ये 1226 साली मुहम्मद अल-बगदादी नावाच्या लेखकाने पाककृतींचा एक ग्रंथ रचला. चरबीत परतलेले मांस, दालचिनी-धन्यांसारखे मसाले आणि त्यांच्या संगतीत शिजणारा तांदूळ असा प्रकार त्यात दिलेला आहे. त्याच्या अरबी नावातला 'मुफल्फल' हा शब्द मिरीवाचक 'फिल्फिल' या शब्दापासून बनला आहे. मिऱ्याच्या दाण्यासारखा एकेक शीत वेगळा, असा त्याचा अर्थ जाणकार लावतात. मिरी मलबारची आणि मोकळ्या भाताला तिची उपमा बगदादची!

हिंदुस्थानात या पद्धतीला राजाश्रय मिळाला. सोळाव्या शतकाच्या शेवटी अबुल फझलने लिहिलेल्या 'ऐन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातील पदार्थ वजनमापांसह नोंदलेले आहेत. त्यांतील 'झर्द बिरिंज' म्हणजे पिवळ्या भाताला 10 शेर तांदूळ, 5 शेर खडीसाखर आणि साडेतीन शेर तूप सांगितले आहे. आपल्या घरातल्या 2 वाट्या तांदळाला हे प्रमाण लावले तर जवळजवळ पाऊण वाटी तूप लागेल. याच बादशहाच्या दरबारात 1580 साली गोव्याहून येशूसंघाचे धर्मगुरू गेले. त्यांतील फादर मोन्सेराते यांनी बादशहाच्या भोजनाचे वर्णन लिहून ठेवले आहे. चाळीसांहून अधिक पदार्थ कापडात बांधून, विषप्रयोगाच्या भीतीने आचाऱ्याची मोहोर लावून आणले जात, असे ते सांगतात. गोव्यातले परतलेले भात आणि उत्तरेतले पुलाव एकाच काळात नांदत होते आणि माणसे दोन्हीकडे ये-जा करीत होती. दोन्ही पद्धतींच्या वाटा मागे मागे नेल्या तर त्या अरब-इराणी जगाकडेच वळतात. मग 'फिरंग्यांचा की मोगलांचा' हा वाद एकाच विहिरीच्या दोन रहाटांविषयीचा ठरतो.

आणि आपण स्वतः काय रिकाम्या हातांनी बसलो होतो? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात अन्नभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि तांदळाच्या आठ जाती सांगितल्या आहेत. वास्को द गामा कालिकतला उतरला 1498 साली. म्हणजे त्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे दख्खनच्या राजवाड्यात तांदळाच्या जातींची पारख चालली होती. परदेशातून आली ती काही नावे आणि एक पद्धत. तांदूळ ओळखणारे हात येथलेच होते.

मसाल्यांची वाट

आता भांड्यात पडणाऱ्या जिनसा पाहू. मिरी मलबारची. हळद आपल्या भूमीची. दालचिनी सिंहलद्वीपाची, तिच्यासाठी पोर्तुगिजांनी कोलंबोत कोट बांधला आणि 1656 साली तो डचांच्या हाती गेला. लवंग मोलुक्का बेटांची. याच बेटांत संत फ्रान्सिस झेवियर 1546 आणि 1547 या वर्षांत सुवार्ता सांगत फिरले. पोर्तुगालमध्ये परतण्यात जे सुगंधी पान घालतात ते लॉरेल नावाच्या झाडाचे. आपल्याकडे त्याची जागा तमालपत्राने घेतली. हे दालचिनीच्या कुळातील झाड आणि याचा वासही दालचिनीच्या अंगाने जाणारा. त्याचप्रमाणे केशराचे काम हळदीने केले. मिरची, टोमॅटो आणि बटाटा अमेरिकेच्या भूमीतून समुद्रमार्गे आले. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, 'पाव'ही त्यांच्याकडूनच घेतला. आज कोणत्याही धर्माच्या मराठी घरात या शब्दांना कोणी परके म्हणत नाही.

या मसाल्यांविषयी बोलताना गार्सिया द ऑर्ता या नावाचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हे पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे खंडाने होते. हिंदुस्थानातील औषधी आणि मसाल्यांवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ गोव्यातच 1563 साली छापला गेला. मिरी, लवंग, दालचिनी, आले, जायफळ, हळद अशा एकेका जिनसेवर त्यात चर्चा आहे. ऐकीव कथांपेक्षा प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीवर त्यांचा भर होता आणि येथल्या वैद्यांना, हकिमांना विचारून ते लिहीत. ऑर्तांचे घराणे मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले. 1568 साली ते वारले. पुढल्याच वर्षी गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून त्यांची बहीण कातारिना हिला गोव्यात जाळण्यात आले. आणि 1580 साली ऑर्तांच्या अस्थी थडग्यातून उकरून काढून जाळल्या गेल्या. मसाल्यांचा पहिला चिकित्सक अभ्यासक आणि गोव्याचे इन्क्विझिशन यांची गाठ अशी पडली. आपल्या भाताची गाठही पुढे त्याच न्यायालयाशी पडणार होती.

1736 चा हुकूम

गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय 1560 साली स्थापन झाले. 1774 साली ते बंद झाले, 1778 साली पुन्हा सुरू झाले आणि 1812 साली कायमचे उठले. त्याचा इतिहास मूळ कागदपत्रांच्या आधारे मांडण्याचे मोठे काम गोमंतकीय मराठी संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1961 साली मुंबईत प्रसिद्ध झाला. 1736 साली या न्यायालयाने काढलेल्या एका जाहीरनाम्याचा मजकूर त्या ग्रंथात वाचावयास मिळतो. नवख्रिस्ती घराण्यांतील लोकांनी पूर्वीच्या कोणत्या चालीरीती सोडाव्यात याची ती लांबलचक यादी आहे. लग्नात गावयाची गाणी, वधूवरांना हळद व नारळाचा रस लावणे, विडे वाटणे, तुळस लावणे, पुरुषांनी धोतर व स्त्रियांनी चोळी नेसणे-घालणे या साऱ्यांवर बंदी. आणि याच यादीत भात आहे! हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवून मागाहून त्यात मीठ घेऊ नये, असे तो जाहीरनामा बजावतो.

आजच्या वाचकाला हे वाचून हसू येईल. परंतु ज्या घरात ही आज्ञा पोहोचली असेल, तेथे हसण्यासारखे काही नव्हते. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ वाढण्याची आणि भात अळणी शिजवण्याची चाल आपल्या हिंदू बांधवांच्या घरांत पूर्वापार आहे. धर्म बदलला म्हणून सुनेचा हात एका दिवसात बदलत नाही. सासूने दाखवल्याप्रमाणे ती भात वैरते. आता त्या हाताला ठरवावयाचे होते की मीठ आधणात टाकावे की पानात वाढावे, आणि त्या ठरवण्यावर तिची श्रद्धा मोजली जाणार होती. शेजारणीने भात चाखला तरी भय वाटावे अशी ही स्थिती. दुधात मिठाचा खडा पडतो म्हणतात. येथे तो भातात न पडल्याने शेजारधर्म नासण्याची वेळ आली.

असा विचार त्या न्यायालयाच्या मनात आला कोठून? त्याची परंपरा युरोपातली होती. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर पाळत ठेवताना अन्न हाच पुरावा मानला जाई. डुकराचे मांस टाळणे, चरबीऐवजी तेलात रांधणे, शनिवारचे जेवण शुक्रवारीच शिजवून ठेवणे, एवढ्यावरून माणसे चौकशीस पात्र ठरत. आपल्याकडेही दुसऱ्या बाजूने हाच न्याय चालत होता. विहिरीत पाव टाकला, ते पाणी गाव प्यायला, म्हणून सारा गाव बाटला, अशा कथा मराठी मुलखात पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या. एका बाजूला पावाने धर्म जातो म्हणणारे, दुसऱ्या बाजूला अळणी भाताने धर्म जातो म्हणणारे. दोघांनीही श्रद्धेचे घर हृदयातून काढून स्वयंपाकघरात हलवले आणि त्याच्या दारावर पहारा बसवला.

हुकमाचे पुढे काय झाले? काही चाली खरोखरच मोडल्या. गोव्यातील कॅथलिक घरांत भाताच्या आधणात मीठ घालण्याची रीत पडली ती आजतागायत आहे. परंतु सारे काही हुकमाप्रमाणे झाले नाही. गोव्याच्या कॅथलिक लग्नात वधूवरांना नारळाचा 'रोस' लावण्याचा विधी आजही होतो; लग्नाची गाणी आजही गायिली जातात. हळद अंगाला लावू नये म्हणून बजावले होते, तिला भाताच्या भांड्यात कोणी अडवू शकले नाही. जाहीरनामा निघाल्यावर तीनच वर्षांनी वसई मराठ्यांकडे गेली. सत्ता बदलली आणि अनेक धर्मगुरूंना मुलूख सोडावा लागला. तरीही येथील ख्रिस्ती कुटुंबे आपल्या श्रद्धेत टिकून राहिली. आता त्यांच्या चुलीपाशी कोणाचा हुकूम नव्हता. तरी त्यांनी येशू सोडला नाही आणि मराठी बोलीही सोडली नाही. या गोष्टीचा अर्थ प्रत्येक धर्मग्रामात नीट समजून घेतला पाहिजे.

कृती आणि तिची कारणे

इतके सांगून झाल्यावर हा भात घरी कसा करावा हे न सांगणे म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून उठवण्यासारखे होईल. गोव्यात रोजचा भात उकड्या तांदळाचा असतो. परतण्यासाठी मात्र 'सुरय' म्हणजे न उकडलेला तांदूळ घेतात. आपल्याकडे जुना, बारीक तांदूळ घ्यावा. 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला वाडा कोलम यासाठी चांगला. बासमतीच हवा असे नाही.

चार-पाच माणसांस पुरेल एवढ्यासाठी 2 वाट्या तांदूळ तीनचार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवावा आणि चाळणीत निथळत ठेवावा. धुण्याने दाण्यावरची पिठी जाते. ती राहिली तर भात चिकटतो. जाड बुडाच्या पातेल्यात 2 मोठे चमचे तूप किंवा तेल तापवून त्यात 4 लवंगा, बोटभर दालचिनी, 3 वेलदोडे, 6 मिरीदाणे आणि 1 तमालपत्र घालावे. वास सुटला की उभा चिरलेला 1 मोठा कांदा घालून तो तांबूस होईतो परतावा. हवा असल्यास 1 लहान टोमॅटो बारीक चिरून घालावा आणि तो गळून तूप सुटू द्यावे. मग पाव चमचा हळद आणि निथळलेला तांदूळ घालून मंद आचेवर चारपाच मिनिटे हलक्या हाताने परतावा. दाणा तुटू देऊ नये. या परतण्याने प्रत्येक दाण्यावर तुपाचा पातळ थर बसतो, वरचा ओलावा उडतो आणि शिजताना एक दाणा दुसऱ्याला धरत नाही. साऱ्या कृतीचे मर्म येथे आहे.

दुसऱ्या शेगडीवर 4 वाट्या कोंबडीच्या किंवा मटणाच्या हाडांचा गाळलेला रस उकळत ठेवलेला असावा. बासमती असेल तर साडेतीन वाट्या पुरतात. शुक्रवारी आणि प्रायश्चित्तकाळात, जेव्हा मांस वर्ज्य असते, तेव्हा रसाऐवजी साधे पाणी किंवा नारळाचे पातळ दूध घ्यावे. या रसातच मीठ घालावे आणि चाखून पाहावे: तो पिण्याच्या रश्श्याहून किंचित खारट लागला पाहिजे. उकळता रस तांदळावर ओतून एकदाच ढवळावे, मोठ्या आचेवर पाणी दाण्यांच्या पातळीला येऊ द्यावे, मग झाकण घालून अगदी मंद आचेवर 12 ते 15 मिनिटे ठेवावे. आच बंद केल्यावर आणखी 10 मिनिटे झाकण काढू नये. नंतर काट्याने किंवा उलथन्याच्या टोकाने कडेकडेने मोकळा करावा. सणाला वर तळलेला कांदा, बेदाणे, उकडलेल्या अंड्याच्या फाका. गोव्यात याच्या जोडीला शोरीसाचे तुकडेही घालतात. रोजच्या जेवणात यांपैकी काही नसले तरी चालते.

एकच भांडे

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. या कृतीत मीठ केव्हा पडते? आधणात. त्याला दुसरा इलाज नाही. तुपाचा थर बसलेल्या मोकळ्या दाण्यावर मागाहून मीठ टाकले तर ते वरच राहते. एक घास खारट आणि दुसरा फिका लागतो. दाणा पाणी शोषून फुगत असताना जे मीठ पाण्यातून आत जाते तेवढेच त्याच्या अंगी लागते.

हाच नियम आपल्या शेजाऱ्यांच्या मसालेभाताला लागू आहे. तोंडली, गोडा मसाला, काजू आणि वर ओले खोबरे-कोथिंबीर घातलेला मसालेभात ज्या घरी लग्नकार्यात शिजतो, त्या घरी साधा भात कदाचित अळणी असेल. परंतु मसालेभातात मीठ आधीच पडते. मुसलमान घरातल्या पुलावाच्या यखनीत, म्हणजे मांसाच्या रसातही, मीठ आधीच असते. साध्या भातात मीठ केव्हा घालावे यावरून माणसांची विभागणी करता आली. परतलेल्या, मसाल्याच्या भातात मात्र तिन्ही घरांच्या गृहिणी त्याच क्षणी मीठ टाकतात, आणि तसे करण्यास त्यांना कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नसते. तांदळाचा आणि तुपाचा स्वभावच त्यांना ते सांगतो.

म्हणूनच आम्ही म्हणतो की हा भात आपला आहे. तो आपला आहे याचा अर्थ त्यात दुसऱ्याचे काही नाही असा नव्हे. त्यात मलबार आहे, मोलुक्का आहे, बगदाद आहे, लिस्बन आहे, आणि वाड्याचा कोलमही आहे. या सर्वांना ज्या हातांनी एका भांड्यात आणले, ते हात आपल्या आज्या-पणज्यांचे होते. त्यांची नावे कोठल्याही जाहीरनाम्यात नाहीत. लॉरेलऐवजी तमालपत्र घालावे, केशर परवडत नाही तर हळद घालावी, शुक्रवारी रसाच्या जागी नारळाचे दूध घ्यावे, हे त्यांनी ठरवले. परक्याकडून आलेली गोष्ट आपल्या मातीत कशी रुजवावी हा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 1962 ते 1965 या काळात, मोठ्या गांभीर्याने आला आणि त्यातून आपल्याला आपल्या भाषेतील मिस्सा लाभली. स्वयंपाकघराने तो प्रश्न आपल्या परीने फार पूर्वी सोडवला होता.

1736 च्या हुकमाची आठवण काढण्यामागे जुन्या जखमेवर मीठ चोळण्याचा आमचा हेतू नाही. 12 मार्च 2000 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये क्षमायाचनेचा विधी केला आणि सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी योजलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. परमगुरुस्वामींनी जे उघडपणे मान्य केले, ते आपण आपल्या घरात मुलांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. उलट, मुलांनी ते जाणले तर शेजाऱ्याच्या ताटात काय आहे आणि काय नाही, यावरून त्याची पारख करण्याचा मोह त्यांना होणार नाही. तो मोह आजही सरलेला नाही. कोणी काय शिजवतो यावरून घर भाड्याने द्यावे की न द्यावे हे ठरवणारी माणसे आपल्या शहरांत आहेत. त्यांच्या हाती इन्क्विझिशनचा शिक्का नसेल, पण रीत तीच आहे.

आज धर्मग्रामांतील लग्नांत भात बाहेरून येतो आणि तयार मसाल्याच्या पुड्या दुकानात मिळतात. काळाप्रमाणे हे होणारच. तरीही वर्षातून चार सणांना हा भात घरी व्हावा असे आम्हांला वाटते. आजीच्या हाताचे प्रमाण वहीत उतरवून घ्यावे. मुलींबरोबर मुलांनाही चुलीपाशी उभे करावे. तांदूळ किती परतावा हे त्यांना दाखवावे, आधण चाखायला द्यावे, आणि चाखता चाखता मिठाची ही गोष्ट सांगावी. मराठीत उपकाराची जाण ठेवण्याला आपण मिठाला जागणे म्हणतो. ज्यांच्या ज्यांच्या मिठाने आपला भात रुचकर झाला, त्या सर्वांची नावे मुलांना सांगणे हे त्या मिठाला जागणेच आहे.